लहान मूल रात्रीच्या जेवणालाच तोंड का फिरवतं?

सकाळी खाल्लं, दुपारी बऱ्यापैकी जेवलं, मधल्या वेळेला तर स्वतःहून मागून घेतलं. आणि संध्याकाळी ताटापुढे बसवलं की तोंड घट्ट मिटलं, मान वळली. काल जी भाजी मिटक्या मारत खाल्ली तीच आज थुंकून टाकली. एक ते तीन-चार वर्षांचं मूल असलेल्या कित्येक घरांत हे रोज चालतं. आईबाबांना त्याचा घोर लागतो याचं कारणही उघड आहे: या जेवणानंतर मूल झोपणार असतं. दुपारी कमी पडलं तर संध्याकाळी भरून निघेल अशी आशा असते, रात्रीनंतर मात्र थेट सकाळ. 'पोर उपाशी झोपलं' ही टोचणी मनाला लागली की आधी मनधरणी होते, मग गोष्टी, मोबाइल, आमिषं, मग आवाज चढतो, आणि शेवटी मूलही रडतं आणि भरवणाराही रडकुंडीला येतो.

मला इथे एक गोष्ट नीट उलगडून सांगायची आहे. रात्रीच्या ताटापुढचा नकार बहुतेक वेळा त्या ताटाबद्दल नसतो. वाढीचा मंदावलेला वेग, दिवसभरात आधीच पोटात गेलेलं अन्न आणि शिणलेलं अंग, या तिन्हींची गाठ संध्याकाळी पडते. त्यामुळे उपायही बराचसा ताटाच्या बाहेर, दिवसाच्या आखणीत आणि आपल्या वागण्यात सापडतो.

वर्षाच्या मुलाची भूक कुठे जाते?

जन्माच्या वेळी तीन किलोच्या आसपास असलेलं बाळ पहिल्या वाढदिवसापर्यंत साधारण तिप्पट वजनाचं होतं. त्याची उंची त्या वर्षात सुमारे २५ सेंटिमीटरने वाढते. जन्मानंतर माणूस पुन्हा कधीच इतक्या वेगाने वाढत नाही. दुसऱ्या वर्षात वजन दोन-अडीच किलोंनी वाढतं, उंची दहा-बारा सेंटिमीटरने. त्यानंतरची काही वर्षं तर वजनात वर्षाला दोनेक किलोंचीच भर पडते.

सुरुवातीच्या महिन्यांत बाळाला मिळणाऱ्या ऊर्जेतला जवळजवळ एक तृतीयांश वाटा नुसत्या वाढीवर खर्च होतो. वर्षाचं होईपर्यंत हा वाटा पाच टक्क्यांच्याही खाली येतो. मूल धावतं, चढतं, उड्या मारतं, त्यासाठी ऊर्जा लागतेच. पण अंग भरण्यासाठी लागणारी ती प्रचंड मागणी आता उरलेली नसते. बाळसं ओसरतं, मांड्यांवरच्या वळ्या जातात, मूल लांबट दिसू लागतं. गुटगुटीत बाळ बघायची सवय झालेल्या डोळ्यांना ते 'सुकलेलं' वाटतं आणि नेमक्या त्याच दिवसांत त्याची भूकही कमी झालेली असते. दोन्ही गोष्टी एकाच कारणाने होतात, पण आपण मात्र त्यांची अशी सांगड घालतो की खात नाही म्हणून सुकलं.

शंका असेल तर डोळ्यांवर किंवा नातेवाइकांच्या शेऱ्यांवर विसंबू नका, वाढीचा तक्ता पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी वाढीची मानकं प्रसिद्ध केली. त्यासाठी ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतल्या मुलांची मोजमापं घेतली होती. या तक्त्यावर तुमच्या मुलाची रेघ अगदी मधोमध असायची काहीच गरज नसते. ती स्वतःच्या वाटेने, छापील रेघांना साधारण समांतर वर जात असेल तर मुलाला हवं तेवढं अन्न मिळतंय. अगदी खालच्या बाजूने पण सातत्याने चढणारी रेघ ही वरून खाली घसरणाऱ्या रेघेपेक्षा कितीतरी अधिक दिलासादायक असते.

एका जेवणावरून काहीच कळत नाही

अमेरिकेतल्या लिअन बर्च या संशोधिकेने मुलांच्या खाण्याच्या सवयींवर अनेक दशकं काम केलं. १९९१ साली तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात दोन ते पाच वर्षांच्या १५ मुलांनी सहा वेगवेगळ्या दिवशी काय आणि किती खाल्लं याची चोवीस तासांची बारकाईने नोंद ठेवली होती. एका वेळच्या खाण्यातला चढउतार प्रचंड निघाला, सरासरीच्या सुमारे ३४ टक्के. पण त्याच मुलांच्या पूर्ण दिवसाची बेरीज केली तर हा चढउतार जेमतेम १० टक्के भरला. एका वेळी भरपूर खाल्लेलं मूल पुढच्या वेळी कमी खात होतं आणि कमी खाल्लेलं पुढे भरून काढत होतं. ते कुणी त्यांना शिकवलेलं नव्हतं.

मला हा आकडा फार मोलाचा वाटतो, कारण तो सरळ रात्रीच्या जेवणाशी येऊन भिडतो. मूल आपला हिशोब दिवसभर मनातल्या मनात करत असेल, तर दिवसाचं शेवटचं जेवण म्हणजे उरलेली बाकी. सकाळ-दुपार भरपूर झाली असेल तर बाकी थोडीच उरणार. मग चार घासांत पोट भरलं असं मूल म्हणतं तेव्हा ते बहुधा खरंच बोलत असतं.

याच्याही आधी, १९२०-३०च्या दशकांत, शिकागोच्या क्लारा डेव्हिस या डॉक्टर बाईंनी नुकतंच दूध सोडलेल्या १५ बाळांना आपलं अन्न आपणच निवडू दिलं होतं. समोर साधे, घरगुती पद्धतीचे ३४ पदार्थ असायचे. फळं, भाज्या, धान्यं, अंडी, मांस, दूध. परिचारिकेने काही सुचवायचं नाही, बाळाने बोट दाखवलं किंवा हात पुढे केला तरच भरवायचं. बाळं कधी एकाच पदार्थावर तुटून पडत, कधी त्याला शिवतही नसत. तरी महिनोन्‌महिने ती छान वाढली. या प्रयोगाचा दाखला 'मुलाला हवं ते खाऊ द्या' असं म्हणण्यासाठी पुष्कळदा दिला जातो, तो चुकीचा आहे. डेव्हिसबाईंनी स्वतःच लिहून ठेवलंय की खरी मेख पदार्थांच्या यादीत होती. त्या यादीत साखर नव्हती, गोडधोड नव्हतं, डबाबंद काही नव्हतं. मुलाच्या भुकेवर विश्वास टाकता येतो, पण समोर काय ठेवायचं हे मोठ्यांनी ठरवलेलं असेल तरच.

मग संध्याकाळीच का?

एका साध्या दिवसाची बेरीज करून बघू. दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात साधारण १,००० किलोकॅलरी लागतात. एक मोठा पेला, म्हणजे २५० मिलिलिटर, साय न काढलेल्या दुधात सुमारे १५० किलोकॅलरी असतात. दुपारच्या झोपेतून उठल्यावर एक पेला दूध, त्यासोबत दोन बिस्किटं, बाहेर खेळायला जाताना हातात काहीतरी, परत आल्यावर स्वयंपाक होईपर्यंत किरकिर नको म्हणून अर्धा पेला दूध किंवा फळाचा रस. चार ते सातच्या दरम्यान दिवसाच्या गरजेचा तिसरा हिस्सा पोटात जाऊन बसला, आणि घरातलं कुणीही त्याला 'जेवण' म्हणालं नाही. साडेसातला ताट वाढलं तेव्हा मूल नकार देतंय तो भूक नसल्याचा.

दूध यात खास लक्ष देण्याजोगं आहे. वर्षानंतर दिवसाला साधारण ५०० मिलिलिटर दूध पुरतं. त्याहून बरंच जास्त, लिटरभर वगैरे जात असेल तर दोन नुकसानं होतात. एक, पोट भरून जेवणाला जागाच राहत नाही. दुसरं अधिक गंभीर: दुधात लोह अगदी नगण्य असतं आणि त्यातल्या कॅल्शियममुळे इतर अन्नातलं लोह शोषलं जाणंही कमी होतं. लोह कमी पडलं की भूक आणखी मंदावते, मूल चिडचिडं होतं, जेवत नाही म्हणून त्याला आणखी दूध दिलं जातं, आणि चक्र घट्ट होत जातं. फळांच्या रसाबाबत अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये एक ते तीन वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सुमारे १२० मिलिलिटरची कमाल मर्यादा सांगितली. तेवढाही द्यायलाच हवा असं नाही, रस अजिबात दिला नाही तरी काही अडत नाही. अख्खं फळ केव्हाही चांगलं.

थकवा हे दुसरं कारण, आणि माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित. एक-दोन वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून चोवीस तासांत ११ ते १४ तास झोप लागते. सकाळी साडेसहाला उठलेलं मूल रात्री आठपर्यंत पार दमलेलं असतं. चावणं, घास तोंडात फिरवणं, चमचा सांभाळणं, एका जागी बसणं ही सगळी त्या वयात मेहनतीची कामं आहेत. पेंगुळलेल्या मुलाला भूक असली तरी ती जाणवत नाही. ते डोळे चोळतं, ताट ढकलतं, खुर्चीवरून उतरायला बघतं, आणि आपण त्याला हट्ट म्हणतो. मोठ्यांच्या जेवणाची वेळ आठ-साडेआठची असेल तर बऱ्याच मुलांसाठी ती उशिराची असते.

तिसरं कारण ताटातच असतं. सकाळचं खाणं रोज जवळपास तेच असतं, ओळखीचं. रात्रीच्या जेवणात जास्त पदार्थ, जास्त चवी, एकमेकांत कालवलेलं अन्न. नव्याला घाबरण्याच्या वयातल्या, त्यात दमलेल्या मुलापुढे सगळ्यांत अवघड ताट आपण दिवसाच्या शेवटी ठेवतो.

'नाही' म्हणण्याचं वय

साधारण दीड-दोन वर्षांच्या सुमारास मुलांना अनोळखी अन्नाची भीती वाटू लागते. ही भीती दोन ते सहा वर्षांच्या दरम्यान सर्वांत जास्त असते आणि मग हळूहळू ओसरते. यामागचं एक पटण्यासारखं स्पष्टीकरण असं की मूल स्वतःच्या पायांनी फिरू लागतं तेव्हा दिसेल ते तोंडात घालणं जिवावर बेतू शकतं. विषारी पानं बहुधा कडू असतात. म्हणून कडवट आणि हिरव्या गोष्टींबद्दलचा संशय हा माणसाच्या पिल्लाच्या रक्षणासाठी असावा. मुलांना कडूपणा मोठ्यांपेक्षा जास्त जाणवतो हेही यात आलंच.

किती भित्रं निघायचं हे बरंचसं आनुवंशिक असतं. ब्रिटनमधल्या आठ ते अकरा वर्षांच्या जुळ्या मुलांवर झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मुलांमुलांमधल्या या फरकापैकी सुमारे ७८ टक्के भाग आनुवंशिकतेने ठरतो असं दिसलं. 'माझ्या भरवण्यातच काहीतरी चुकलं' असं मनाला लावून घेतलेल्या प्रत्येक आईला हा आकडा सांगावासा वाटतो. एकाच घरात, एकाच हातचं खाऊन, थोरलं सगळं खातं आणि धाकटं पाचच पदार्थांवर राहतं, ते यामुळेच.

भीती कमी कशाने होते? ओळखीने. बर्च आणि तिची सहकारी यांनी १९८२ मध्ये दोन वर्षांच्या मुलांना काही नवे पदार्थ कमी-जास्त वेळा चाखायला दिले. जो पदार्थ जितक्या जास्त वेळा चाखला, तितका तो नंतर आवडीने निवडला गेला. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांतून आठ-दहा किंवा पंधराही वेळा चव घ्यावी लागू शकते असं दिसलं. बहुतेक घरांत मात्र तीन-चार नकारांनंतर 'याला आवडत नाही' असा शिक्का बसतो आणि तो पदार्थ ताटातून कायमचा बाद होतो. इथे चव घेणं म्हणजे वाटीभर खाणं नव्हे. जिभेला लागलं, चावून थुंकलं, तरी ते चाखणंच. नुसतं ताटात दिसणं, बोटाने दाबून बघणं, शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाला ते खाताना पाहणं, यानेही ओळख वाढते, फक्त जरा सावकाश.

याच वयात मुलाला 'मी वेगळा आहे, माझं मी ठरवीन' हे कळू लागलेलं असतं. कपडे, बाहेर जाणं, झोप, सगळं मोठे ठरवतात. तोंड उघडायचं की नाही हे मात्र पूर्णपणे त्याच्या हातात असतं. जितकी ओढाताण जास्त, तितकं ते तोंड मिटून ठेवणं मुलासाठी महत्त्वाचं होऊन बसतं.

आग्रहाने काय होतं

२००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दोन प्रकारची सूप अनेक आठवडे दिली होती. एकाच्या वेळी मोठं माणूस शांतपणे पण पुन्हा पुन्हा 'सूप संपव' म्हणायचं, दुसऱ्याच्या वेळी कुणी काही म्हणायचं नाही. जिथे आग्रह नव्हता तिथे मुलांनी जास्त सूप घेतलं. आग्रह झालेल्या सूपबद्दल मात्र ती कितीतरी जास्त वाईट बोलली. त्यांना कुणी दरडावलं नव्हतं, हात धरून भरवलं नव्हतं. नुसतं 'संपव' एवढंच.

आमिषाचंही तसंच. 'भाजी खाल्लीस तर गोड देईन' हे वाक्य मुलाला दोन गोष्टी शिकवतं: भाजी ही सोसायची गोष्ट आहे आणि गोड हे मिळवायचं बक्षीस आहे. बर्चच्याच १९८४च्या प्रयोगात एखादं पेय प्यायल्याबद्दल मुलांना बक्षीस दिलं, तेव्हा त्या पेयाची आवड नंतर घटलेली दिसली. इथे एक अपवाद सांगायला हवा. नावडती भाजी अगदी इवलीशी चाखून बघितल्याबद्दल एखादं चिकटचित्र दिलं तर चार-सहा वर्षांच्या मुलांत त्या भाजीची आवड वाढल्याचं नंतरच्या ब्रिटिश अभ्यासांत दिसलं. फरक असा की ते बक्षीस खाण्याचं नव्हतं आणि अट 'संपवण्याची' नव्हती. दीड-दोन वर्षांच्या मुलाला हे गणित कळत नाही, म्हणून या वयात मी त्याच्या वाटेला जाणार नाही.

मोबाइलवर गाणी लावून भरवण्याबद्दल लोकांना आधीच पुष्कळ अपराधी वाटत असतं, त्यात भर घालायची नाही. पण त्यात नेमकं काय होतं ते माहीत असावं. मूल चित्रात गुंगलेलं असताना तोंड आपोआप उघडतं, घास जातो, पण चव, वास, पोट भरल्याची जाणीव यांतलं काहीच त्याच्यापर्यंत पोचत नाही. दिवसभराचा तो आतला हिशोब नेमका इथे बिघडतो. आणि रडत्या मुलाच्या तोंडात घास कोंबणं सरळ धोक्याचं आहे, कारण हुंदका घेताना अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. तेवढं मात्र कधीही करू नका.

कामाची वाटणी

एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञ आणि कुटुंब-समुपदेशक बाईंनी १९८०च्या दशकात एक साधी वाटणी मांडली, ती आज जगभर वापरली जाते. काय वाढायचं, कधी वाढायचं आणि कुठे बसून खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं किती खायचं आणि खायचं की नाही, हे मुलाने.

ऐकायला सोपी, पाळायला कठीण. कारण बहुतेक घरांत दोन्ही बाजूंनी अतिक्रमण झालेलं असतं: काय खायचं हे मूल ठरवतं (ताट नाकारलं की पाच मिनिटांत त्याचा आवडता पदार्थ हजर होतो), आणि किती खायचं हे मोठे ठरवतात ('अजून तीन घास'). ही अदलाबदल पुन्हा सरळ करायची एवढंच काम आहे.

रात्रीसाठी याचा अर्थ असा. दुपारच्या झोपेनंतर एकदाच, ठरल्या वेळी आणि बसून मधलं खाणं द्या. रात्रीच्या जेवणाआधी दोन-अडीच तास ते आटपलेलं असू दे. त्यानंतर जेवणापर्यंत फक्त पाणी. पहिले काही दिवस या वेळात किरकिर होणारच. मुलाला स्वयंपाकघरात जवळ घ्या, वाटाणे सोलायला, भाजी धुवायला द्या. हाताळलेली भाजी ताटात आली की तितकी परकी वाटत नाही, हा वरचा फायदा. जेवण झोपेच्या किमान तासभर आधी असावं. सगळ्यांचं जेवण उशिरा होत असेल तर मुलाचं आधी उरकायचं, पण त्याला एकट्याला बसवून नाही. घरातल्या कुणीतरी त्याच्यासोबत थोडंसं तेच अन्न खावं. मग मोठे जेवताना ते जागं असेल तर मांडीवर बसून एखादा घास उचलेल, नाही उचलला तरी बिघडत नाही.

ताटात निदान एक पदार्थ असा हवा जो मूल हमखास खातं. बाकीचं घरातल्यांसाठी केलेलंच, अगदी थोडं थोडं. वयाच्या दर वर्षामागे प्रत्येक पदार्थाचा एक मोठा चमचा, हे माप सुरुवातीला पुरेसं आहे. दोन वर्षांच्या मुलाला दोन चमचे भाजी. मोठ्यांच्या डोळ्यांना हे फारच कमी वाटतं आणि म्हणूनच आपण मुलापुढे डोंगर रचतो. थोडं वाढलेलं संपवून मूल 'अजून' म्हणालं तर त्याचा त्यालाच आनंद होतो. एकत्र कालवलेलं आवडत नसेल तर वेगवेगळं वाढा, त्याने काही लाड होत नाहीत. चार वर्षांखालच्या मुलाला अख्खे दाणे, अख्खी द्राक्षं, कच्च्या गाजराचे जाड तुकडे देऊ नयेत. द्राक्षं उभी चिरावीत, गाजर शिजवून मऊ करावं.

वीस ते तीस मिनिटं पुरतात. मूल खेळू लागलं, अन्न फेकू लागलं, मान वळवू लागलं की जेवण संपलं. 'झालं का? बरं, उठ.' एवढंच म्हणायचं, चेहऱ्यावर नाराजी न आणता. हे शेवटचं फार अवघड असतं, कारण मुलं आपले चेहरे वाचण्यात पटाईत असतात. खाल्ल्याबद्दल टाळ्या वाजवणंही टाळलेलं बरं. ज्या ताटावर टाळ्या मिळतात त्या ताटावरून रुसताही येतं हे मुलाला लवकर कळतं.

पण मग झोपताना दूध मागितलं तर?

सगळा गोंधळ इथेच होतो. जेवण नाकारलं, तासाभराने 'भूक लागली' म्हणालं, आपल्याला पोटात कालवलं आणि पेला भरून दूध दिलं. असं काही दिवस झालं की मूल जेवणाच्या वेळी शांतपणे वाट पाहायला शिकतं. त्यात लबाडी नाही. गोड, गार किंवा कोमट, चावावं न लागणारं अन्न थोड्या वेळात मिळणार असेल तर दमलेलं मूल दुसरं काय करेल?

यातून दोन रस्ते निघतात. जेवण आणि झोप यांत तासाभराचंच अंतर असेल तर दूध जेवणासोबतच द्या, छोट्या पेल्यात, आणि नंतर फक्त पाणी. अंतर दोन तासांचं असेल तर झोपण्याआधी रोज ठरलेलं लहानसं खाणं द्या, मूल जेवलेलं असो वा नसो. साधं काहीतरी, फार आवडीचं नको. रोजचंच असल्यामुळे ते जेवण टाळल्याचं बक्षीस ठरत नाही आणि 'उपाशी झोपवलं' ही तुमची बोचही राहत नाही. ज्यांना पहिला रस्ता जिवावर येतो त्यांनी बिनदिक्कत दुसरा धरावा. मला तो जास्त माणुसकीचा वाटतो. अजून अंगावर पिणाऱ्या बाळाचं रात्रीचं पिणं हा त्याच्या दिनक्रमाचा भाग असतो, त्यासाठी घाईने काही तोडायची गरज नाही. बाटली तोंडात ठेवून झोपवणं मात्र दातांना किडवतं. दूध संपवून, दात घासून मगच झोप.

रात्रीच्या जेवणावरचं ओझं कमी करायचा आणखी एक मार्ग आहे. पोषणाचा मोठा भाग सकाळ-दुपारकडे सरकवायचा. मूल सकाळी सर्वांत चांगलं खात असेल तर अंडं, डाळ, भाजी सकाळी दिलेली शरीराला तितकीच चालते. मधल्या वेळच्या खाण्यातही बिस्किटांऐवजी छोटं जेवणच द्या. मग रात्री तीन घास गेले तरी जीव टांगणीला लागत नाही आणि आपला शांत चेहरा खराखुरा असतो.

घरातल्या सगळ्यांनी मिळून हे ठरवायला लागतं. आजीआजोबांच्या जिवाला नातवंड न जेवता उठलेलं लागतं, त्यांच्या काळजीला नावं ठेवून काही साधत नाही. वाढीचा तक्ता त्यांच्यापुढे ठेवा, दिवसभरात काय काय पोटात गेलं ते सांगा. मूल पाळणाघरात जात असेल तर तिथे चारनंतर काय मिळतं ते विचारा. कित्येकदा कोड्याचं उत्तर तिथेच असतं. बदल दोन-तीन दिवसांत दिसत नाही. सुरुवातीला तर मूल मर्यादा तपासून बघतं आणि खाणं थोडं कमीही होतं. दोन-तीन आठवडे ठाम राहावं लागतं.

डॉक्टरांकडे कधी?

अचानक सगळंच बंद झालं तर आधी तोंड बघा. दोन ते पावणेतीन वर्षांच्या दरम्यान मागच्या दाढा येतात, हिरड्या ठणकतात. घसा, कान, सर्दी यानेही भूक मरते आणि बरं वाटल्यावर आपसूक परत येते. बद्धकोष्ठता हे तर वारंवार सापडणारं आणि वारंवार निसटणारं कारण: पोटात खडे साठले असतील तर मूल जेवणार कसं? दोन-तीन दिवसांआड कडक शी, करताना रडणं, पाय आवळून उभं राहणं, अशी लक्षणं असतील तर आधी त्यावर इलाज हवा.

वजन घटत असेल किंवा वाढीची रेघ खाली घसरत असेल, मूल फिकट आणि सतत मरगळलेलं दिसत असेल, माती किंवा खडू खात असेल, तर रक्ततपासणीसाठी दाखवा. गिळताना ठसका लागणं, दुखणं, वारंवार उलट्या, पातळ अन्नाशिवाय काहीच घशाखाली न उतरणं, यासाठी थांबू नका. खाण्यातले पदार्थ वाढायच्या ऐवजी एकेक करून गळत चालले असतील, सगळ्या भाज्या, सगळी फळं असे अख्खे गट बंद झाले असतील, विशिष्ट रंगाच्या किंवा कुरकुरीत गोष्टीच चालत असतील, त्यातच बोलणं किंवा नजर देणं मागे असेल, तर बालरोगतज्ज्ञांना हे सगळं एकत्र सांगा. काही मुलांचा नकार वयाच्या भीतीपलीकडचा असतो. २०१३ सालापासून मानसोपचाराच्या वर्गीकरणात त्याला वेगळं निदान आहे आणि त्यासाठी मदत मिळते. रात्री न जेवता झोपलेलं मूल सकाळी उठवताना फारच मलूल, घामेजलेलं, उलट्या करणारं किंवा गोंधळलेलं वाटलं तर लगेच दाखवा, काही मुलांची रक्तातली साखर लांबलेल्या उपासाने उतरते.

जाताना सात दिवसांची वही घेऊन जा. प्रत्येक घास मोजायची गरज नाही. किती वाजता, काय, साधारण किती, त्यात दुधाचे पेले आणि येताजाता दिलेलं सगळं, झोपेच्या वेळा, शी कधी आणि कशी. डॉक्टरांना यातून एका भेटीत जितकं कळेल तितकं 'काहीच खात नाही' या वाक्यातून कळणार नाही, आणि कित्येकदा ती वही लिहिता लिहिता, तिसऱ्या-चौथ्या दिवशीच, संध्याकाळची भूक कुठे जाते ते घरच्यांनाच दिसतं.